ड्युएथलॉन: पहिला टप्पा जोरात मारायचा की जपून? (इंदूर)

रामबागी
मंडळी, नमस्कार. वय ४३, वजन ८१, राहणार राजेंद्र नगर (आयडी रामबागचा, कारण जन्म तिकडचा). ऑफिसातल्या २४ वर्षांच्या एका पोरानं सगळ्यांसमोर डिवचलं आणि मी भरीस पडून फेब्रुवारीतल्या ड्युएथलॉनचे पैसे भरून बसलो. ५ किमी पळणं, २० किमी सायकल, मग परत २.५ किमी पळणं. जागा सुपर कॉरिडॉर. सायकलच्या ४ किमीच्या ५ फेऱ्या. जो हरेल त्यानं अख्ख्या ऑफिसला पोहे-जिलेबी द्यायची.

पळणं म्हणाल तर रेसिडेन्सीच्या बाजूला सकाळी जातो, ५ किमीला २९ मिनिटं लागतात. सायकल १३ किलोची हायब्रिड (साधी आणि रेसिंगची यांच्या मधली). रविवारी राऊवरून महूपर्यंत जाऊन येतो, वेग २४-२५. म्हणजे वेगवेगळं सगळं जमतं. म्हणून गेल्या रविवारी जोडून बघावं म्हटलं. सायकलवरून उतरलो, दारात लावली आणि पळायला लागलो, तर खाली पाय माझे नव्हतेच. दोनेकशे मीटर बदकासारखा गेलो आणि पाराच्या कठड्यावर बसलो. शेजारच्या काकू गॅलरीतून विचारत होत्या, "रिक्षा बोलावू का?"

तर प्रश्न असा. पहिले ५ किमी पाय ताजे असताना जोर लावून वेळ कमावून ठेवावी, की राखून पळावं? दुसरा प्रश्न, हायब्रिडवर चालेल का?

जिरावन
पहिले ५ किमी जोरात, मग थेट छप्पन दुकानला पोहे, मग काकूंची रिक्षा. हलके घ्या.

चक्रपाणी
आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: चालेल. पुढचं सगळं त्यातच आलं, पण हिशोब करून दाखवतो.

२५ च्या वेगानं २० किमीला ४८ मिनिटं लागतात. २६ च्या वेगानं साधारण ४६ मिनिटं ९ सेकंद. म्हणजे ताशी एक किलोमीटर वेग वाढवायला तुम्ही दोन महिने घाम गाळणार आणि मिळणार पावणेदोन-दोन मिनिटं. तीच दोन मिनिटं ट्रान्झिशनमध्ये (पळण्यावरून सायकलवर आणि परत, ही अदलाबदल) हेल्मेट शोधण्यात आणि बूट बांधण्यात जातात. नवीन सायकलच्या नादी लागू नका. सीटची उंची तेवढी बघा: टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हायला हवा. आपल्याकडे निम्मे लोक सीट खाली ठेवून गुडघे हनुवटीला लावत चालवतात.

आता पळण्याचं. ५ किमी तुम्ही किलोमीटरला ५:३० मिनिटं या गतीनं पळालात तर ६:०० च्या तुलनेत अडीच मिनिटं कमावली. शेवटच्या अडीच किलोमीटरला ६:०० ऐवजी ७:१५ लागले तर तीन मिनिटं गमावली. वर सायकलवर पहिल्या दोन फेऱ्या धापा टाकत जातील, ते वेगळंच. माझं मत: पहिलं पळणं असं करा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे.

पळपुटा
चक्रपाणी, हिशोब छान आहे, पण कागदावरचा. ७:१५ च का लागतील? कारण तुम्ही तसं धरलंत. मी तीनदा ही शर्यत केली आहे, तिन्ही वेळा पहिला टप्पा दाबून पळालो आणि तिन्ही वेळा शेवटी तेवढंच दुखलं जेवढं जपून पळणाऱ्यांना दुखतं. शेवटचे अडीच किमी कोणाचेच चांगले जात नाहीत हो. मग आधी कमावून ठेवायला काय हरकत आहे?

चक्रपाणी
तुमचे पहिले ५ किमी २१ मिनिटांत होतात. तुम्हाला "दाबून" म्हणजे वेगळं आणि ८१ किलोच्या माणसाला वेगळं.

पळपुटा
वजनावर जाऊ नका, धागाकर्ते नाराज होतील.

रामबागी
धागाकर्ते नाराज नाहीत, ८० वर आलेत. चालू द्या.

वसुधा_इं
मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे "पाय माझे नव्हतेच" यावर थोडं लिहिते.

सायकलवर कंबर वाकलेली असते. मांडीचा पुढचा भाग आणि जांघेतले स्नायू तासभर आखडलेल्या स्थितीत काम करतात, पाय गोल फिरतो आणि जमिनीचा दणका अजिबात बसत नाही. खाली उतरल्याबरोबर तुम्ही त्याच पायांना सांगता की आता सरळ व्हा, मागे ढकला आणि प्रत्येक पावलाला शरीराचं वजन झेला. मेंदूची लय मात्र अजून पॅडलचीच असते. म्हणून ते बदक. ट्रायथलॉनमध्ये सुरुवातीला पोहणं असतं, म्हणून पाय तरी ताजे असतात. ड्युएथलॉनमध्ये सायकलवर बसतानाच पाय एकदा पळून आलेले असतात. त्यामुळे पोहता येत नाही म्हणून सोपा प्रकार निवडला, असं कोणी म्हणालं की मला हसू येतं.

उपाय एकच, सवय. आठवड्यातून एकदा सायकल झाली की लगेच पळायचं. पाणी प्यायला घरात जायचं नाही, काकूंशी बोलायचं नाही. सुरुवातीला फक्त ८-१० मिनिटं. पावलं छोटी आणि भराभर टाका, लांब टांगा टाकायला गेलात तर पोटरी धरते. सायकलच्या शेवटच्या फेरीत गिअर हलका करून पाय जरा जास्त फिरवा, त्यानं फरक पडतो. चार-पाच आठवड्यांत बदकाचा निदान बगळा होतो.

जिरावन
बगळा एका पायावर उभा असतो, ताई.

वसुधा_इं
सिरपूरच्या तलावावर जाऊन बघा, उडतातही.

लोकमान्यनगरचा_नातू
धागा वाचून आजोबा आठवले. हुकुमचंद मिलमध्ये कामाला होते. काळी दांडीवाली सायकल, वजन आजच्या दोन हायब्रिडएवढं, मागे कॅरिअरवर डबा. भोंगा व्हायच्या आत गेटवर पोचायचं म्हणून घरातून निघताना धोतर गुडघ्यापर्यंत खोचायचे. सायकल पंक्चर झाली तर हातात धरून पळत जायचे. म्हणजे एका परीनं रोजची ड्युएथलॉनच, फक्त मेडल नाही. मिल १९९१ मध्ये बंद झाली. सायकल अजून आहे, माळ्यावर. मी एकदा खाली काढून बसलो होतो, राजवाड्यापर्यंत जाताना जीव गेला.

मुक्काम_कोल्हापूर
+१ आजोबांना.
इंदूरकरांनो, तुमच्याकडे सगळं सपाटच ना? मग २० किमीचा एवढा बाऊ कशाला?

चक्रपाणी
सपाट?? खंडवा रोडनं सिमरोलच्या पुढे घाट उतरून चोरलपर्यंत जा आणि परत वर या, मग बोलू. जानापावला चढून या, जिथे चंबळ उगम पावते. महूहून मंडलेश्वरच्या रस्त्याला जाम गेटच्या खाली उतरलात तर परत येताना टेम्पो शोधाल. माळवा पठार आहे, काठावर आलं की खाली पडतं.
सुपर कॉरिडॉर मात्र सपाट आहे, ते खरं. तिथे चढाऐवजी वारा आहे. आडोसा काहीच नाही. जाताना वाटतं आपण फार भारी चालवतोय, यू-टर्न मारला की कळतं कोण चालवत होतं.

पळपुटा
वाऱ्यात कोणाच्या तरी मागे चिकटून जायचं. निम्मी मेहनत.

थांबा_आलोच
नाही! हे वाचून कोणी करू नका. हौशी लोकांच्या बहुतेक शर्यतींत ड्राफ्टिंगला बंदी असते. पुढच्या सायकलपासून साधारण १० मीटर अंतर ठेवावं लागतं, ओलांडायचं असेल तर झटकन ओलांडायचं. नियमांचा कागद आधी वाचा. टीव्हीवर जे घोळक्यानं जाताना दिसतात ते व्यावसायिक, त्यांचे नियम वेगळे.

आणि आता माझी कर्मकहाणी, म्हणजे रामबागींच्या उपयोगी पडेल. मी महूची. पहिली शर्यत दुसऱ्या एका गावी केली होती, गाव सांगत नाही. जानेवारीची सकाळ, बोटं गारठलेली. पळून आले, सायकल रॅकवरून काढली, पळत सायकलवर बसायच्या रेषेपर्यंत नेली आणि तिथे हेल्मेटचा पट्टा लावायला घेतला. पंच आले आणि मला परत पाठवलं, सायकल रॅकला लावून या म्हणाले. नियम असा आहे की हेल्मेट डोक्यावर, पट्टा खटकन लागलेला, मगच सायकलला हात. परत आल्यावर आधी सायकल रॅकला, मग पट्टा सोडायचा. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पळून आल्यावर डोकं चालत नाही, हात आपोआप सायकलकडे जातो.

त्यानंतर मी घरी पंधरा दिवस सराव केला. बादलीत थंड पाणी, त्यात दोन मिनिटं हात, मग हेल्मेटचा पट्टा डोळे मिटून लावायचा. नवरा म्हणाला, हिला काहीतरी झालंय. पण आता चार सेकंदांत लागतो. हेल्मेट हँडलवर उलटं ठेवायचं, पट्टे बाहेरच्या बाजूला पसरून, म्हणजे उचललं की सरळ डोक्यात.

क्लीटवाले (पॅडलला अडकणारे) बूट घेऊ नका. साधे पॅडल, पळायचेच बूट, त्यात नाडीऐवजी रबरी नाडी. दोन्ही ट्रान्झिशनमध्ये बूट बदलायचा प्रश्नच मिटतो. बिब (नंबरचा कागद) कमरेच्या पट्ट्यावर लावा, सायकलवर पाठीमागे फिरवायचा, पळताना पुढे.

रामबागी
ताई, साष्टांग. रबरी नाडी आजच बघतो. बादलीचं मात्र घरी सांगायची हिंमत नाही, आधीच "पैसे देऊन कोण पळतं?" हे आईचं रोज चालू आहे.

सराफा_रात्री
आईंचं बरोबर आहे. माझ्या मागे कुत्री लागतात तेव्हा मी फुकट पळतो.

लोकमान्यनगरचा_नातू
कुत्र्यांचा विषय काढलात म्हणून. पहाटे साडेपाचला सायकलवर असाल तर पाय वर घेऊन ओरडू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत निघा. ती पळणाऱ्या चाकाच्या मागे असतात, तुमच्या नाही.

मुक्काम_कोल्हापूर
शर्यतीच्या सकाळी खाता काय? पोहे?

जिरावन
पोहे हा काय प्रश्न झाला? इंदुरात पोहे खात नाहीत, पोह्यांनी उठतात.

वसुधा_इं
शर्यतीआधी शेव आणि जिलेबी नको. दोन-अडीच तास आधी केळं, पोळी-गूळ किंवा नेहमीचं जे पचतं ते. नवीन काही नाही.

मुक्काम_कोल्हापूर
पण पोह्यांत तेल असतंच ना फोडणीला.

जिरावन
तुमचे फोडणीचे. आमचे वाफेवरचे. खाली पाणी उकळतंय, वर परात, त्यात हळदीचे पिवळे पोहे, बडीशेप, वरून शेव, कांदा, जिरावन मसाला, डाळिंब. तेल नावाला.

सराफा_रात्री
डाळिंब टाकणारे वेगळे आणि खरे इंदुरी वेगळे.

जिरावन
हे तुम्ही काय बोलून राहिलात भिया.

चक्रपाणी
धाग्याचं काश्मीर होतंय. पोह्यांचा वेगळा धागा काढा.

थांबा_आलोच
एक राहिलं. फेऱ्या स्वतः मोजा. स्वयंसेवकांवर सोडू नका, ती कॉलेजची मुलं असतात, थंडीत पहाटेपासून उभी. एका शर्यतीत (नाव नको) मला चौथ्याच फेरीला आत वळवलं, मी भोळेपणानं वळले आणि निकालात नाव नाही. पाचवी फेरी माझी जबाबदारी होती म्हणे. घड्याळातलं अंतरही दर वेळी जुळतंच असं नाही. मी आता हँडलवर चिकटपट्टीचे तुकडे लावते, फेरीला एक, यू-टर्नला एक काढून टाकायचा. शेवटचा निघाला की आत.

पळपुटा
हे भारी आहे. वाचनखूण साठवली.

बीआरएमवाला
उशिरा आलो. मी २०० किमीच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) करतो, साडेतेरा तास मिळतात, त्यामुळे हा सगळा सेकंदांचा हिशोब वाचून गंमत वाटली. आम्ही पोहे खाऊन, चहा पिऊन, गप्पा मारून पुढे जातो.
ज्यांना छोटी ड्युएथलॉन म्हणजे पोरखेळ वाटतो त्यांच्यासाठी: स्वित्झर्लंडमध्ये झोफिंगेनला १० किमी पळणं, १५० किमी सायकल आणि मग ३० किमी पळणं असते. रामबागींनी मनातल्या मनात तिथले शेवटचे ३० डोळ्यांसमोर आणावेत, अडीच चुटकीसरशी वाटतील.

रामबागी
तीस?! काकूंना ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल.

*(तीन आठवड्यांनी)*

रामबागी
मंडळी, झाली. सविस्तर लिहितो, कारण धाग्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही वापरलं.

सकाळी अंधारात पोचलो. थंडी चांगलीच होती. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे पसरलेले, बूट रबरी नाडीचे. हँडलवर चिकटपट्टीचे पाच तुकडे, निळे. शेजारच्या रॅकवर ऑफिसातलं पोरगं, त्याच्याकडे मित्राची उसनी रोड बाइक. तो माझ्या पट्ट्यांकडे बघून म्हणाला, "सर, वाढदिवस आहे का?"

सुटलो. पोरगं दोनशे मीटरमध्ये दिसेनासं झालं. खरं सांगतो, पाय शिवशिवत होते, मागून माणसं जात होती, एक आजोबा गेले, दोन शाळकरी मुली गेल्या. चक्रपाणींचं वाक्य धरून बसलो आणि शेजारच्या एका देवासच्या गृहस्थांशी बोलत पळालो. त्यांचा कांद्याचा व्यापार आहे. ३० मिनिटं ४० सेकंद.

ट्रान्झिशनमध्ये हेल्मेट उचललं, डोक्यात, पट्टा... लागेना. हातमोजे आधी घातले होते! काढले, लावला, परत घातले. १ मिनिट ५०. बादली करायला हवी होती.

सायकलवर वारा म्हणजे वारा. जाताना २९, येताना २१. दुसऱ्या यू-टर्नला पट्टी काढली तर ती हातमोज्याला चिकटली, झटकली तर बोटाला, आणि त्या गडबडीत शेजारची तिसरीही निघून आली. मग चौथ्या फेरीला मला वाटू लागलं की आत्ता झाल्या किती? हँडलवर एक, हातमोज्यावर दोन, तोंडानं "तीन-चार, तीन-चार" म्हणत चाललोय. घड्याळात १६.३ दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला. ४९ मिनिटं १० सेकंद.

दुसरं ट्रान्झिशन १ मिनिट ५. सायकल रॅकला, मग पट्टा. पंचांनी बघितलंसुद्धा नाही.

आणि शेवटचे अडीच. पहिला अर्धा किलोमीटर बदकच होतो, वसुधाताई, बगळा काही झालो नाही. पण छोटी पावलं टाकत राहिलो आणि एक किलोमीटरच्या आसपास पाय हळूहळू ओळखीचे वाटायला लागले. त्याच सुमारास पोरगं दिसलं. तो परतीच्या बाजूला होता, शेवटच्या टप्प्यात, पोटरी धरून चालत होता. मी ओरडलो, "चल रे!" त्यानं अंगठा दाखवला आणि लंगडत पळायला लागला. मी मागे लागलो. १६ मिनिटं ५५ सेकंद.

एकूण १ तास ३९ मिनिटं ४० सेकंद.

पोराचे: पहिलं पळणं २३:१०, ट्रान्झिशन ३:४० (हेल्मेट पिशवीत, पिशवी गाडीत), सायकल ४६:३०, दुसरं ट्रान्झिशन १:५०, शेवटचं पळणं २१:०५. एकूण १:३६:१५.

म्हणजे हरलो. २३ प्लेट पोहे आणि दोन किलो जिलेबी.

पळपुटा
बघा! जोरात मारणारा जिंकला. मी कधीचा सांगतोय.

चक्रपाणी
जिंकला तो २४ वर्षांचा आहे म्हणून. शेवटच्या टप्प्यात रामबागींनी त्याच्यावर ४ मिनिटं १० सेकंद कमावले, दोन ट्रान्झिशनमध्ये मिळून अडीच मिनिटांच्या वर. त्यानं पहिला टप्पा २५ मध्ये केला असता तर शेवटचे अडीच १५ मध्ये पळाला असता.

पळपुटा
असता, असता. आत्याबाईला मिशा असत्या तर.

वसुधा_इं
पोटरी कशी आहे त्याची?

रामबागी
सोमवारी ऑफिसात जिना उतरताना मागे तोंड करून उतरत होता. मी लिफ्टनं गेलो, पण त्याला सांगितलं नाही.

चक्रपाणी, मला तुमचं पटलंय, पण एक शंका राहिली. शेवटी रेषेपाशी माझ्यात अजून थोडा दम शिल्लक होता. म्हणजे पहिले ५ किमी साडेएकोणतीसला मारले असते तर? देवासच्या गृहस्थांशी कांद्याच्या भावावर इतकं बोलायची गरज नव्हती बहुतेक.

चक्रपाणी
हातमोजे आधी घातले नसते तर तेवढंच मिळालं असतं.

थांबा_आलोच
हातमोजे!! मी बादली सांगितली, हातमोजे सांगायचे राहिले. माफी.
पट्ट्या पुढच्या वेळी एक आड एक रंगाच्या लावा आणि टोक दुमडून ठेवा.

लोकमान्यनगरचा_नातू
अभिनंदन! पुढच्या वर्षी मीही. आजोबांची सायकल माळ्यावरून काढतो, ऑइल घालतो. नियमांत वजनाची मर्यादा नाही ना?

चक्रपाणी
ब्रेक दोन्ही चालू असले पाहिजेत, बाकी काही नाही.

लोकमान्यनगरचा_नातू
एकच आहे.

जिरावन
ते सगळं ठीक. २३ प्लेटवर डाळिंब होतं का नाही?